प्रीअँप नंतर, आधी वीतभर जवळ

पाथर्डी तालुक्यातल्या माझ्या मावशीच्या ओव्या मी पहिल्यांदा रेकॉर्ड केल्या, त्या वाया गेल्या. माईक टेबलावर, मावशी खाटेवर, मध्ये चांगलं दोन हात अंतर. घरी येऊन ऐकलं तर आवाज एवढासा. तो वर ओढला तर त्याच्याबरोबर पंख्याची घरघर आणि एक बारीक सूं-सूं वर आली. एका दुकानात सांगितलं, ‘तुमचा प्रीअँप हलका पडतोय, भारीतला घ्या.’ घेतला. पुढच्या खेपेला रेकॉर्डिंग तसंच आलं, कारण मावशी अजून खाटेवरच होती.

नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यात गावोगाव आता तरुण मुलं घरच्या घरी भजन, पोवाडे, आजीची गाणी टिपू लागली आहेत. त्यांना मनापासून विनंती आहे, वेगळ्या प्रीअँपवर पैसे घालू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नाही.

प्रीअँपचं काम साधं आहे. माईकमधून येणारा विजेचा झोत अगदी क्षीण असतो. शुअरचा एसएम ५८ आपल्या मांडवांमधून सगळ्यांनी पाहिलाय. चांगल्या चढ्या आवाजालाही तो जेमतेम दोन मिलिव्होल्ट देतो. प्रीअँप तो झोत शंभरपट, हजारपट वाढवतो. हजारपट म्हणजे ६० डेसिबल. वाढवताना तो स्वतःची थोडी खरखर मिसळतो, आणि ‘महाग प्रीअँप शांत असतो’ म्हणतात ते हेच. पण इथे निसर्गानेच एक सीमा घातली आहे. १५० ओहमच्या माईकच्या नुसत्या तारेत, खोलीच्या तापमानाला, सुमारे उणे १३१ डीबीयू एवढी खरखर असतेच. ती कोणालाच काढता येत नाही. माईक लॅपटॉपला जोडणाऱ्या, फोकसराइट स्कार्लेटसारख्या साध्या यूएसबी इंटरफेसमधला प्रीअँप उणे १२७-१२८ च्या आसपास असतो. म्हणजे लाखभर रुपये ओतले तरी पुढे सुधारायला तीन-चार डेसिबलच उरतात.

हेच खोलीच्या भाषेत सांगतो. एसएम ५८ आणि असा इंटरफेस जोडला, तर प्रीअँपची खरखर खोलीतल्या १८-२० डेसिबल आवाजाएवढी भरते. रात्री सगळं निजल्यावरही घरातली खोली तीसच्या खाली क्वचितच उतरते. फ्रीज, पंखा, गोठ्यातली हालचाल, लांबून जाणारा उसाचा ट्रॅक्टर. तुम्हाला ऐकू येतं ते हे सगळं. प्रीअँप त्याच्या मागे कुठेतरी लपलेला असतो.

मग काय करायचं? जवळ जायचं. माईक आणि तोंड यांतलं अंतर निम्मं केलं की आवाज ६ डेसिबल वाढतो आणि खोलीचा गोंगाट आहे तेवढाच राहतो. दोन हातांवरून वितीवर आलात तर हे निम्मं होणं जवळजवळ दोनदा घडतं, तेही फुकट. तोंडासमोर सरळ न धरता माईक किंचित बाजूला ठेवा, म्हणजे ‘प’ आणि ‘फ’ला फुंकर बसत नाही.

आता एक गोष्ट नीट बघा, कारण यात फार जण फसलेले मी पाहिलेत. भजनी मंडळाकडे अहुजाचा माईक असतो आणि त्याच्या वायरीला बहुधा पी-३८ पिन असते, कारण ती अँप्लिफायरमध्ये जाते. बऱ्याच इंटरफेसच्या तोंडाला मधोमध गोल भोक असतं, त्यात ती पिन छान बसते. पण त्या भोकाची वाट माईकसाठी नाही, ती कीबोर्ड-गिटारसाठी आहे. माईकला पुरेसा गेन, म्हणजे वाढ, फक्त त्याभोवतीच्या तीन पिनांच्या कॅननवरच (एक्सएलआर) मिळतो. म्हणून आवाज मेलेला येतो आणि माणूस म्हणतो, प्रीअँप चालत नाही. काही शे रुपयांची कॅनन-टू-कॅनन वायर आणा. मंडळाचाच माईक एकदम जिवंत होईल. पुण्यात बुधवार पेठेत खरेदीला जाणार असाल तर माईक पिशवीत घालून न्या आणि दुकानातच लावून बघा.

इंटरफेस कोणता? एका आवाजाला स्कार्लेट सोलो किंवा बेहरिंगरचा यूएमसी २२ पुरे. हार्मोनियम आणि आवाज वेगळे हवे असतील तर कॅननच्या दोन वाटा असलेला घ्या. कंडेन्सर माईकला ४८ व्होल्टचा फँटम वीजपुरवठा लागतो, तो सोलो आणि यूएमसी २२ दोन्हींत असतो. आवाज फार नाजूक असेल, वय झालेलं असेल, तर पैसा प्रीअँपऐवजी कंडेन्सर माईकवर घाला. तो मुळातच एसएम ५८सारख्या डायनॅमिक माईकच्या सुमारे दहापट झोत देतो. आधीच डायनॅमिक घेऊन बसला असाल आणि गेनचं बटण शेवटाला टेकूनही आवाज कमी पडत असेल, तर मात्र माईकच्या वायरीत बसणारा छोटा बूस्टर घेण्यात अर्थ आहे. वीस-पंचवीस डेसिबल तो देतो. गेनसाठी वेगळं काही घ्यावं असं मला वाटणारी ही एवढी एकच जागा.

हम्म असा जाड आवाज येत असेल तर तो विजेचा, ५० हर्ट्झचा. वाडी-वस्तीवरच्या कितीतरी घरांत अर्थिंगच नसतं. लॅपटॉपचा चार्जर काढा, बॅटरीवर रेकॉर्ड करा. बहुतेक वेळा तिथेच तो थांबतो.

भजनाला टाळ असतील तर उलटी गत. टाळाचा टणत्कार एका क्षणात लाल दिवा लावतो आणि फाटलेला आवाज नंतर कोणालाही शिवता येत नाही. टाळकऱ्यांना चार पावलं मागे बसवा. सगळ्यात मोठा गजर आधी करून घ्या, त्या वेळी काटा उणे १२ च्या आसपास राहील असा गेन ठेवा.

पत्र्याच्या किंवा नुसत्या गिलाव्याच्या खोलीत आवाज घुमतो. दोन भिंतींवर गोधड्या टांगा. धान्याच्या पोत्यांची खोली असेल तर तिथेच बसा, तिच्याएवढा चांगला स्टुडिओ विकत मिळत नाही.

असं टिपण्याचं मोठं काम आधीही झालंय. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर या अभ्यासकांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या खेडोपाडी जाऊन जमवल्या. नव्वदच्या दशकात संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल त्यांना येऊन मिळाले आणि त्यांतल्या कितीतरी ओव्या गाणाऱ्या बायांच्याच आवाजात राहिल्या. ‘पारी’ (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावरच्या संग्रहात त्या आज ऐकता येतात. पण तुमच्या आजीची ओवी त्यात असेलच असं नाही. आणि गाणाऱ्या बाया दरवर्षी कमी होताहेत. सामान जुळवण्यात एक हंगाम गेला तर तो परत येत नाही, म्हणून म्हणतो, आहे त्या माईकवर या दिवाळीला बसा.

बसाल तेव्हा पंखा बंद करा. पहिलं अर्धं मिनिट कोणी बोलू नका, नुसती खोली रेकॉर्ड होऊ द्या, नंतर साफसफाईला ती लागते. मग तारीख बोला आणि गाणारीला तिचं नाव तिच्याच तोंडून सांगू द्या. सासरच्या गावाबरोबर माहेरचं गावही विचारा. ओवी बहुधा तिथूनच आलेली असते.