रंगाचा रकाना

सिरसाळ्यात कोयता मिळतो, तसं तोंड पांढरं करायचं मलमही मिळतं. डॉक्टरची चिठ्ठी कोण मागत नाही. “हा बायकांचा नट्टापट्टा, चळवळीचा प्रश्न नाही,” असं आपलेच कार्यकर्ते म्हणतात. दोस्तहो, मला भांडायचंय ते त्यांच्याशीच.

या ट्यूबांत पुष्कळदा स्टेरॉईड असतं. बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल. ही इसबासारख्या रोगांची औषधं. आठ-पंधरा दिवस तोंड उजळतं, पोरगी खूश. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, पुटकुळ्या येतात, हनुवटीवर केस येतात. बंद केलं की आग होते, म्हणून पुन्हा लावायचं. त्यावर ऊसतोडीचं ऊन. सरकारनं २०१८ साली अशी १४ स्टेरॉईड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कागदावर. बिनलेबलच्या डबीत तर पारा निघतो. अकोल्यात एकाच घरातल्या आई आणि दोन लेकींची मूत्रपिंडं अशा क्रीमनं बिघडली. मुंबईच्या केईएममध्ये छडा लागला तेव्हा, २०२३ साली, पेपरात आलं. गोरं व्हायला गेल्या होत्या.

डॉक्टरांकडं एका आजाराचं नाव आहे : बॉडी डिस्मॉर्फिक डिसऑर्डर. दिसण्यातलं एखादं व्यंग, जे दुसऱ्याला दिसतच नाही किंवा जेमतेम दिसतं, ते डोक्यात घर करून बसतं. माणूस तासन्‌तास आरशापुढं, नाहीतर आरसाच झाकून. घराबाहेर पडत नाही, काम सोडतो, एका डॉक्टरकडून दुसऱ्याकडं हिंडतो. साधारण लोकांत शंभरात दोन. कातडीच्या दवाखान्यात येणाऱ्यांत शंभरात दहा-अकरा. क्रीम आणि लेसरनं हा आजार सहसा हटत नाही, उलट नवं व्यंग सापडतं. मानसोपचारानं आणि गोळ्यांनी फरक पडतो. जीव द्यायचे विचारही यात येतात. तेव्हा चेष्टा करू नका.

पण त्या व्याख्येपाशी मी अडतो. “दुसऱ्याला न दिसणारं व्यंग” म्हणे! आमच्या पोरीचं व्यंग आधी दुसऱ्यालाच दिसतं. मावशीला दिसतं, मास्तरला दिसतं, पाहुण्यांना चहा-पोहे खाता खाता दिसतं. माय आधीच माफी मागून मोकळी : “जरा काळी हाय, पण कामाला वाघीण हाय.” पोरीला ते सगळ्यांत शेवटी दिसतं. आजार तिला झाला असेल, लागण आपण केली.

उत्तरेत म्हण आहे, काळा ब्राह्मण आणि गोरा चमार यांच्यासोबत नदी उतरू नये. म्हणजे रंग हा जातीचा दाखला, आणि दाखला जुळला नाही की माणूसच खोटा! रिस्ले नावाच्या इंग्रज साहेबानं नाकं मोजून जातींची उतरंड लावली. बाबासाहेबांनी १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’मध्ये नाकांची मापंच पुढं करून दाखवलं, की ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशाचे नाहीत. साहेब गेला, मोजपट्टी राहिली. १९७५ साली ‘फेअर अँड लव्हली’ बाजारात आली. तिच्यासोबत रंग ताडून बघायची पट्टीच यायची. ती २०१९ ला काढली. २०२० ला अमेरिकेत जॉर्ज फ्लॉईडला पोलिसानं मारलं, जग पेटलं, तेव्हा नावातलं ‘फेअर’ गेलं, ‘ग्लो’ आलं. माल विकायचा थांबला नाही.

हे भांडवलवाल्यांचं झालं. आपलं काय? लग्न बुद्ध-बाबासाहेबांच्या फोटोपुढं लावतो, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ, आणि वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मात रकाना : ‘रंग’. पत्रिका फेकली, रंग ठेवला! सभेत गर्जना करणारा पोरगा त्याच फॉर्मवर लिहितो, ‘गोरी पाहिजे’. १९७२ ला दलित पँथर उभी राहिली ती अमेरिकेतल्या काळ्यांच्या पँथरवरून. तिकडं काळ्या बायकांनी केस सरळ करायचं सोडून दिलं, आहेत तसे मिरवले. आपण नाव आणलं, आणि त्यांची कातडी तिकडंच ठेवून आलो.

मेडिकलवर चौघंजण मिळून जा आणि चिठ्ठी का मागत नाही ते विचारा. जिला ट्यूब सुटत नाही तिला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात न्या, कातडीच्या डॉक्टरकडं आणि मनाच्या डॉक्टरकडंही. “येडी झाली का?” म्हणणाऱ्याला गप्प करायचं काम तिचं नाही, आपलं. आणि मेळाव्याचा नवा फॉर्म अजून छापायचाय. रंगाचा रकाना ठेवा म्हणणाऱ्यानं बैठकीत उभं राहून, आपल्या बहिणीसमोर, तसं बोलून दाखवावं.