प्रलयाची तारीख आणि शास्त्र

जगाचा अंत अमुक साली होणार, असे छातीठोकपणे सांगणाऱ्यांची आपल्याकडे कधीच वानवा नव्हती. फेब्रुवारी १९६२ मध्ये मकर राशीत अष्टग्रही जुळली, तेव्हा देशभर यज्ञयाग झाले. पुढे ब्रह्माकुमारी पंथात १९७६ हे साल विनाशाचे धरले गेले होते, असे अभ्यासकांनी नोंदविले आहे. तेही साल सरले.

या पंथाच्या मते चारही युगांचे चक्र अवघ्या ५,००० वर्षांचे आहे. ही शिकवण गीतेचे नाव घेते. तेव्हा गीतेलाच विचारणे रास्त ठरेल. तिच्या आठव्या अध्यायात ब्रह्मदेवाचा एक दिवस सहस्र युगांचा सांगितला आहे. विष्णुपुराणाच्या गणनेत एकटे कलियुगच १,२०० दिव्य, म्हणजे ४,३२,००० मानवी वर्षांचे आहे. त्यांतील जेमतेम ५,१०० वर्षे लोटली, असे परंपरा मानते. घरोघरच्या पूजेच्या संकल्पातही आपण कलियुगाचा प्रथम चरणच उच्चारतो.

साधकांच्या निर्व्यसनी आचरणाविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु तारीख सांगणाऱ्यांनी आधी शास्त्राधार दाखवावा. तोवर प्रलयाच्या धाकाने कोणीही मुलाबाळांचे शिक्षण थांबवू नये वा घरदार मोडू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.