विहिरीचे पाणी

धाराशिव हा अवर्षणाचा जिल्हा. उन्हाळ्यात तेथे विहिरीत डोकावणारा माणूस पाणी किती उरले, एवढेच पाहतो. ते कसे आहे, हे सहसा कोणी विचारीत नाही. टंचाईत ते स्वाभाविकही आहे. परंतु निवळ दिसणारे पाणी निर्दोष असतेच असे नाही. शेतातील खतांचा व उकिरड्यांचा अंश काळ्या पाषाणाच्या भेगांतून भूजलात उतरतो आणि पाण्यातील नायट्रेट वाढते. त्याला रंग नाही, वास नाही. उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट मात्र जात नाही, उलट पाणी आटले की त्याचे प्रमाण वाढते. लिटरमागे ४५ मिलिग्रॅम ही त्याची मर्यादा. तिच्यापलीकडचे पाणी घालून तान्ह्या बालकाला वरचे दूध पाजले, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची शक्ती क्षीण होऊ शकते.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक विहिरींची पातळी मोजते, नमुनेही तपासते. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनने तर प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासावयास शिकविण्याचे योजिले. हे उत्तमच झाले. तथापि निकाल दप्तरातच राहिला, तर पाणी शेंदणाऱ्या बाईला त्याचा काय उपयोग? तो तारखेसह विहिरीच्या कठड्यावर लिहावा. आणि पावसाळा सरताच नमुना पुन्हा घ्यावा, कारण पावसाबरोबर जमिनीवरची घाणही खाली झिरपलेली असते.