डाग किती, चालणे किती

१८ वर्षांच्या आत सुरू झालेल्या मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये (एमएस) मेंदूतले डाग आणि मुलाचे अपंगत्व यांचा हिशेब सरळ जुळत नाही. पहिल्याच एमआरआयवर टी-२ डाग प्रौढांपेक्षा जास्त दिसतात, विशेषतः मस्तिष्कस्तंभात आणि लहान मेंदूत. झटकेही लवकर लवकर येतात. तरी मूल सावरते, कारण या वयात मायलिनची डागडुजी चांगली होते. तुटलेले अक्षतंतू मात्र पुन्हा जोडले जात नाहीत.

ही उसनवारी उशिरा फेडावी लागते. रेनू आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये सोळाव्या वर्षापर्यंत आजार जडलेल्या ३९४ जणांची वाटचाल मांडली. दुय्यम प्रगतिशील अवस्था गाठायला मध्यकानुसार २८ वर्षे लागली, पण तेव्हा वय जेमतेम ४१ होते. प्रौढपणी आजार सुरू झालेल्यांपेक्षा ही वाट सुमारे १० वर्षांनी लांब, आणि मुक्काम १० वर्षे अलीकडे.

अपंगत्व मोजायला हाती असते ती कुर्ट्झके यांची १९८३ ची ईडीएसएस मोजपट्टी. ४ गुणांपासून तिचा सारा भर चालण्यावर आहे: विनाआधार, न थांबता ५०० मीटर म्हणजे ४, २०० मीटर म्हणजे ५, काठी घेऊन १०० मीटर म्हणजे ६. हे मीटर रुग्णालयाच्या गुळगुळीत, पंख्याखालच्या फरशीवर मोजले जातात. गोरेगावच्या आरे कॉलनीतल्या एखाद्या पाड्यावरून मुख्य रस्त्यावरच्या बसथांब्यापर्यंतची वाट तशी नसते. चढ, वर आलेली मुळे, पावसाळ्यात चिखल, मे महिन्यात उकाडा. अंग तापले की मायलिन गेलेल्या तंतूंतून संदेश अडतो, ही उथॉफची खूण. सकाळी सरळ चालणारे मूल दुपारी अडखळते आणि गारव्यात बसले की पूर्ववत होते. याला नवा झटका समजून स्टेरॉइड सुरू करणे ही नेहमीची चूक. आधी ताप आणि लघवीचा संसर्ग तपासावा.

मोजपट्टीला जवळपास न दिसणारे नुकसान शाळेत उघडे पडते. सुमारे एक तृतीयांश मुलांची आकलनक्षमता मंदावते आणि थॅलमसचे आकुंचन त्याच्याशी निगडित आढळते. फळ्यावरचे उतरवून घेताना मागे पडणाऱ्या मुलाला घरी ‘आळशी’ म्हणतात. चिन्ह-अंक जोडणीची ९० सेकंदांची चाचणी बाह्यरुग्ण विभागात सहज होते. मराठी माध्यमाच्या मुलाला अंक देवनागरीत द्यावेत आणि तुलना परदेशी सरासरीपेक्षा त्याच्याच मागच्या गुणांशी करावी.

निदानाच्या वेळी मॉग प्रतिपिंडे तपासणे आवश्यक, कारण या प्रतिपिंडांशी निगडित, एमएससारख्या दिसणाऱ्या आजाराचे डाग बरेचदा विरून जातात आणि उपचार वेगळे असतात. एमएस निश्चित झाल्यावर प्रभावी औषध लांबवू नये. २०१८ मधील चाचणीत १० ते १७ वयोगटात फिंगोलिमोडने इंटरफेरॉनच्या तुलनेत झटके ८२ टक्क्यांनी कमी केले.

दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात (२०१६) एमएसचे नाव स्वतंत्रपणे आहे आणि बऱ्याच सवलतींसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. तपासणीच्या दिवशी मूल धडधाकट चालत आत येऊ शकते, म्हणून अर्जाच्या कागदांत आकलनचाचणीचे गुण आणि वर्गशिक्षकांची टिपणे आधीच जोडलेली असावीत.