न्हाणीखालचे घर

आमच्या आजोळच्या वाड्यात न्हाणीचे पाणी कोठे जाते, हा प्रश्न कोणास कधी पडला नाही. दगडी न्हाणीच्या कोपऱ्यातील भोकातून ते परसात उतरे आणि केळीच्या व अळूच्या वाफ्यात मुरे. पाणी मुरणे ही तेथे चांगली गोष्ट होती. पुढे बँकेच्या नोकरीत 'येथे कोठेतरी पाणी मुरते आहे' असे मी अनेक कर्जप्रकरणे वाचताना मनाशी म्हटले असेल. ते अक्षरशः माझ्याच न्हाणीघरात मुरत आहे, हे मान्य करण्यास मात्र मला पंधरा महिने लागले.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या खाली एक निवृत्त शिक्षिका एकट्या राहतात. सारी इमारत त्यांना 'बाई' म्हणते. दिवाळीच्या फराळाचे ताट परत करण्यास त्या वर आल्या, तेव्हा जाता जाता म्हणाल्या, "साहेब, आमच्या बाथरूमच्या छताला जरा ओल दिसते. सवडीने पाहाल का?" मी सवडीनेच पाहिले. पावसाळा नुकताच संपला होता, म्हणून मी तो दोष पावसावर ढकलला. डिसेंबरातही ओल गेली नाही, तेव्हा बाहेरच्या भिंतीच्या भेगेवर. जानेवारीत एका प्लंबरला बोलावून जाळीभोवती पांढरा सिमेंट भरून घेतला. अठराशे रुपये खर्च झाले आणि माझे कर्तव्य संपल्याचे समाधान मिळाले. एप्रिलमध्ये थेंब पुन्हा सुरू झाले.

हप्ता नव्वद दिवसांहून अधिक थकला की कर्जखाते अनुत्पादक ठरते, हा नियम 2004 सालापासून मी स्वतः कर्जदारांना ऐकवीत आलो होतो. माझे हे खाते केव्हाच त्या सदरात गेले होते. एवढेच की, वसुलीला येणारी व्यक्ती फार सभ्य होती.

पुरावा अखेर बाईंनीच दिला. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत ज्या दिवशी थेंब पडेल, त्या चौकटीत त्या पेन्सिलीने एक ठिपका देत असत. मे महिन्यात आम्ही दहा दिवस मुलीकडे पुण्यास गेलो होतो. त्या दहा चौकटींपैकी पहिल्या तीनमध्ये ठिपके होते, पुढील सात कोऱ्या. आम्ही परतल्यावर दुसऱ्याच दिवशी ठिपका पुन्हा हजर. हे पान त्यांनी मला दाखविले ते पुढच्या जानेवारीत. तोवर मी विचारलेच नव्हते. तोंडाने त्या काही बोलल्या नाहीत. ताळेबंद वाचण्यात आयुष्य गेलेल्या माणसास आणखी काही सांगण्याची गरजही नव्हती.

त्या पानावरून दोन गोष्टी कळत होत्या. नळाची भिंतीतील वाहिनी फुटली असती, तर आम्ही नसतानाही थेंब पडत राहिले असते. कारण त्या वाहिनीत पाण्याचा दाब रात्रंदिवस असतो. अर्थात दोष सांडपाण्याच्या बाजूस होता. आणि आम्ही गेल्यावर तीन दिवस थेंब पडले, म्हणजे फरशीखाली कोठेतरी पाणी साठून राहत होते.

पुढची परीक्षा करण्यासाठी न्हाणीघर कोरडे ठेवणे भाग होते आणि आमच्या घरात न्हाणीघर एकच. बाई म्हणाल्या, "त्यात काय, माझ्याकडे या दोघे." अशा रीतीने मी माझ्याच गळतीखाली उभा राहून स्नान करू लागलो. वर पाहिले की पिवळट कडांचा डाग दिसे. मध्यभागी छताचा गिलावा फुगला होता, त्यास पांढरी बुरशीसारखी क्षारांची लव आली होती. न्हाणीघराची एक भिंत त्यांच्या झोपण्याच्या खोलीस लागून आहे. त्या भिंतीपाशी असलेले कपाट खोलीच्या मधोमध ओढलेले दिसले. मी विचारले तेव्हा समजले की ओल कपाटात उतरली आणि त्यांच्या लग्नाच्या अल्बममधील छायाचित्रे एकमेकांस चिकटली. यजमान जाऊन त्यांना अकरा वर्षे झाली आहेत. ही गोष्ट त्यांनी पंधरा महिन्यांत एकदाही काढली नव्हती.

परीक्षेची रीत सोपी आहे. कोणीही घरी करू शकेल. खालचे छत ठिबकायचे थांबल्यावर प्रथम रबरी नळी थेट जाळीच्या आत सोडून दहा बादल्या पाणी ओतले, फरशीला थेंबही लागू दिला नाही. एक दिवस वाट पाहिली. खाली काही नाही. म्हणजे सापळा आणि त्यापुढील नळ शाबूत. मग प्लॅस्टिकच्या पिशवीत चिंध्यांचा बोळा बांधून तो सापळ्याच्या गळ्यात घट्ट बसविला आणि फरशीवर इंचभर पाणी उभे केले. दुसऱ्या दिवशी सकाळी बाईंनी खालूनच हाक मारली. दोष फरशीत, आणि विशेषतः फरशी व सापळ्याचा काठ जेथे मिळतात त्या सांध्यात होता.

या सापळ्यास बांधकामाच्या पुस्तकांत 'नहाणी ट्रॅप' म्हणतात. आपल्या न्हाणीचाच तो शब्द. त्यात सुमारे 50 मिलिमीटर पाणी सदैव उभे राहते आणि ते गटारातील दुर्गंधी व झुरळे वर येऊ देत नाही. बरेच दिवस न वापरलेल्या न्हाणीघरात वास येतो, तो हे पाणी आटल्यामुळे. आठवड्यातून एक तांब्या ओतला तरी पुरते.

आमच्या मातोश्री होत्या तोवर मोरीत ॲसिड ओतण्यास सक्त मनाई होती. तेथे जीवजंतू असतात, एवढेच त्यांचे कारण. त्यांच्या पश्चात आम्ही दर पंधरवड्यास बाटली रिकामी करू लागलो. गवंड्याने सांधा बोटाने उकरून दाखविला, तेव्हा सिमेंट पिठासारखे झाले होते. ॲसिड सिमेंटला खाते, हे वाणिज्य शाखेच्या पदवीधरास ठाऊक नसले तरी क्षम्य. आईचे न ऐकणे नव्हे.

काम जाळीभोवती दीड फुटात आटोपेल अशी आशा होती. फरशी उचलताच ती मावळली. अशा न्हाणीघरांत मूळ स्लॅब फूटभर खाली घेतलेला असतो आणि वरचा खड्डा विटांच्या तुकड्यांच्या कोब्याने भरलेला असतो. आमचा कोबा काळा पडून स्पंजासारखा भिजला होता. सगळा काढावा लागला. स्लॅब तारेच्या ब्रशने घासून चार दिवस वाळू दिला. नळ जेथे भिंतीतून बाहेर जातो तेथील जुना मसाला काढून न आकसणारा ग्राउट भरला, कोपऱ्यांना वाटा मारला आणि जलरोधक लेपाचे दोन हात दिले, दुसरा पहिल्याच्या आडव्या दिशेने. लेप भिंतीवरही चढविला.

येथे गवंड्याशी माझा खटका उडाला. तो म्हणाला, "काका, लेप झाला, आता कोबा भरू द्या. रोज बुडतो." मी म्हटले, आधी अठ्ठेचाळीस तास पाणी उभे राहील, मग कोबा. थांबलेल्या दोन दिवसांची मजुरी मी दिली, आणि सांगतो, साऱ्या खर्चात ती रक्कम सर्वांत योग्य जागी गेली. कोबा व फरशी झाल्यावर चूक सापडली असती, तर सगळेच पुन्हा फोडावे लागले असते. खड्ड्याच्या तळाशी एक बारीक नळी बाहेरच्या भिंतीतून काढली आहे. पुढे कधी पाणी झिरपलेच, तर ते प्रथम बाहेर दिसेल, बाईंच्या छतावर नव्हे. ही सूचना गवंड्याचीच. तेव्हा खटक्याचा हिशेब बरोबरीत सुटला.

फरशी न घसरणारी घेतली. आता वयाचाही विचार करावा लागतो. उतार मीटरला सुमारे दीड सेंटीमीटर ठेवला आणि पाणसळीवर विसंबून न राहता चारही कोपऱ्यांत तांब्याभर पाणी ओतून पाहिला. जाळीभोवतीचे सांधे या खेपेस इपॉक्सीने भरले.

एकूण खर्च सत्तेचाळीस हजार दोनशे रुपये. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे न्हाणीघर, शौचालय यांमुळे होणारी आतील गळती दुरुस्त करणे सभासदाच्या माथी आहे, गच्चीची व बाहेरील गळती संस्थेच्या. तेव्हा संस्थेकडे अर्ज करावा असे सुचविणाऱ्या आमच्या एका सभासदमित्रास मी नम्र नकार दिला. पहिल्याच दिवाळीत हे केले असते, तर बाईंच्या छताचा गिलावा तरी वाचला असता.

छत रंगविण्याची घाई केली नाही. ओल्या गिलाव्यावरचा रंग पुन्हा सुटतो, म्हणून मे अखेरपर्यंत ते वाळू दिले आणि मग नवा गिलावा व रंग माझ्याकडून करून दिला. बाई पैशांचे नाव काढू देत नव्हत्या. मी म्हटले, व्याज सोडून देता आहात, मुद्दल तरी घ्या. त्यावर त्या हसल्या. अल्बममधील चार छायाचित्रे छायाचित्रकाराने सोडवून दिली. उरलेली सुटली नाहीत.

परवा, ऑगस्टच्या अखेरीस, आम्हा दोघांस त्यांनी चहास बोलाविले होते. माझी दृष्टी प्रथम दिनदर्शिकेकडे गेली. काही चौकटींत पेन्सिलीच्या खुणा दिसल्या आणि माझ्या छातीत धस्स झाले. बाईंनी ते ओळखले असावे. "दुधाचा हिशेब आहे तो," त्या म्हणाल्या, "बसा."