विहिरीचा गाळ निघतो, भूजलाचे काय?

विहिरीचे पाणी बिघडले की ती उपसायची, तळाचा गाळ काढायचा, चुना टाकायचा आणि नव्या झऱ्यांची वाट पाहायची, हा आमच्या वाडवडिलांचा रिवाज. चार दिवसांत विहीर पूर्ववत होई. या अनुभवातून आमच्या मनात एक समजूत घर करून बसली आहे: पाणी नासले तरी ते पुन्हा निवळते. हीच समजूत आज शहरी वेष धारण करून आमच्यापुढे उभी आहे. वसईतील विहिरी आणि बावखले यांविषयी कोणी चिंता व्यक्त केली, की हमखास उत्तर मिळते, "विज्ञान कुठल्या कुठे गेले आहे. पाणी बिघडलेच तर इंजिनिअर ते शुद्ध करून देतील. त्यासाठी विकास थांबवायचा काय?"

या उत्तराला आमचा विरोध आहे. इंजिनिअरांविषयी आम्हांला अनादर नाही. आमच्या घरोघरी आज ते आहेत. पण त्यांच्या नावावर जे आश्वासन खपविले जाते, ते त्यांनी कधी दिलेलेच नाही.

जमिनीखालचे पाणी म्हणजे भूमिगत नदी नव्हे. वाळूच्या कणांमधील फटींत आणि खडकाच्या भेगांत ते मुरलेले असते व अतिशय मंद गतीने सरकते. नदीत पडलेली घाण एका पुरात वाहून जाते. भूजलात उतरलेली घाण पिढ्यान्‌पिढ्या तेथेच मुक्काम करते. शिवाय प्रत्येक विषाची चाल निराळी. पेट्रोल पाण्यावर तरंगत पसरते. कारखान्यांत यंत्रे धुण्यासाठी वापरले जाणारे क्लोरिनयुक्त द्रव पाण्याहून जड असल्याने तळाच्या कातळापर्यंत बुडतात आणि भेगाभेगांत दडून बसतात. काही धातू चिकणमातीला बिलगतात. शौचकूपांतून झिरपणारे नायट्रेट तर ना रंग दाखवते, ना वास. पेला स्वच्छ दिसतो म्हणून पाणी स्वच्छ, हा पुरावा येथे चालत नाही.

राजस्थानातील उदयपूर जिल्ह्यात बिछडी नावाचे गाव आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस तेथे परदेशी पाठविण्यासाठी 'एच ॲसिड' हे रंगनिर्मितीसाठी लागणारे रसायन तयार होऊ लागले. हे उत्पादन फार काळ चालले नाही. तेवढ्यात सुमारे २४०० टन विषारी गाळ निर्माण झाला व तो उघड्यावर टाकला गेला. पावसाचे पाणी त्यातून झिरपले आणि विहिरींचे पाणी काळपट झाले. ते ना पिण्याच्या कामाचे राहिले, ना शेतीच्या. प्रकरण १९८९मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. ज्याने दूषित केले त्यानेच निस्तरण्याचा खर्च सोसावा, हा दंडक न्यायालयाने १९९६च्या निकालात ठामपणे लागू केला. आमच्या पर्यावरण कायद्याच्या इतिहासात त्या निकालाला मानाचे स्थान आहे. पण त्या खर्चाचे, म्हणजे सुमारे ३७ कोटी ३८ लाख रुपयांचे, काय झाले? ते चक्रवाढ व्याजासह भरा, असा आदेश त्याच न्यायालयाला २०११मध्ये पुन्हा द्यावा लागला. दावा दाखल होऊन तोवर बावीस वर्षे लोटली होती. विहिरी नासायला काही महिने पुरले. न्याय मिळूनही पैसा उभा राहायला दोन दशके अपुरी पडली. "नंतर पाहून घेऊ" असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब जरूर मांडून पाहावा.

पैसा मिळाला असे समजू. मग इंजिनिअर काय करतात? ते विंधनविहिरी खणून दूषित पाणी वर खेचतात, सक्रिय कोळशातून गाळतात किंवा हवेचा झोत सोडून त्यातील उडून जाणारी रसायने वेगळी करतात. काही ठिकाणी पाण्याच्या वाटेत लोखंडाच्या किसाची भिंत पुरतात. तिच्यातून पाणी पार होताना काही विषारी द्रव्यांचे विघटन होते. कोठे जमिनीत उसाची मळी सोडून विष पचविणाऱ्या जिवाणूंना पोसतात. हे सारे बुद्धीचे वैभव आहे, यात शंका नाही. पण साबणात भिजलेले गोणपाट कितीही खळबळले तरी फेस येतच राहतो, तशीच या कामाची गत असते. पहिल्या काही वर्षांत विषाचे प्रमाण झपाट्याने उतरते. पुढे मातीच्या कणांत दडलेला अंश थेंबाथेंबाने सुटत राहतो, आणि पंप बंद केला की प्रमाण पुन्हा चढते. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेने १९९४मध्ये पाणी उपसून शुद्ध करण्याच्या ७७ ठिकाणांचा आढावा घेतला. त्यांपैकी ६९ ठिकाणी ठरविलेले उद्दिष्ट तोवर गाठले गेले नव्हते. त्याच संस्थेने जवळजवळ दोन दशकांनी सांगितले, की त्या देशात किमान १,२६,००० ठिकाणचे भूजल अद्याप दूषित आहे, आणि त्यांतील सुमारे दहा टक्के ठिकाणे इतकी गुंतागुंतीची आहेत, की पुढील पन्नास ते शंभर वर्षांत ती पूर्ववत होणे संभवत नाही. हे त्या सधन देशाचे, तज्ज्ञांच्याच तोंडचे निवेदन आहे.

आता आमच्या अंगणाकडे वळू. आमच्या किनाऱ्यावर वाळूतले गोडे पाणी खालच्या खाऱ्या पाण्यावर अक्षरशः तरंगत असते. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी एक फूट उतरली, तर खालचे खारे पाणी सुमारे चाळीस फूट वर चढू शकते, असे शास्त्र सांगते. टँकर भरभरून पाणी विकले गेले, तेव्हा आम्ही केवळ पाणी विकले नाही. समुद्राला घरात येण्याचे निमंत्रण दिले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसईची चळवळ उभी राहिली, ती याच जाणिवेतून. चळवळीला आम्ही टाळ्या दिल्या, आणि घरी परतून बावखल बुजविण्यासाठी भरावाचा ट्रकही सांगितला. हे कटू आहे. पण खरे आहे.

कॅलिफोर्नियातील ऑरेंज परगण्यात समुद्राचे पाणी आत शिरू लागले, तेव्हा तेथील इंजिनिअरांनी १९७६पासून शुद्ध केलेले पाणी विहिरींच्या रांगेतून जमिनीत दाबून गोड्या पाण्याचा बांध उभा केला. त्यासाठी प्रचंड यंत्रणा लागते, वीज लागते, आणि ती कधी थांबवता येत नाही. पावसाचे पाणी साठवून जमिनीत मुरविणारे आमचे बावखल याच तत्त्वावर, विजेविना, पगाराविना पिढ्यान्‌पिढ्या राबत होते. त्याच्या काठी पानवेली आणि केळीच्या बागा पोसल्या. ते आम्ही डबके ठरविले, त्यात कचरा लोटला, आणि कचऱ्यावर माती लोटून प्लॉट पाडला. त्या मातीखाली काय सडते आहे आणि कोणाच्या विहिरीकडे सरकते आहे, याची चौकशी आम्ही केली नाही.

काही वाचक म्हणतील, घरोघरी आर. ओ.चे यंत्र आहे, मग भीती कशाची? ते यंत्र आपल्या पेल्यापुरते पाणी गाळते; विहीर गाळत नाही. एक पेला देताना ते दोन-तीन पेले अधिक क्षारयुक्त पाणी मोरीत सोडते, आणि ते शोषखड्ड्यातून पुन्हा जमिनीतच जाते. ज्याच्याकडे यंत्र नाही, त्या शेजाऱ्याने आणि त्याच्या वाडीतल्या केळीने काय प्यावे?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. उरलेल्या प्रत्येक बावखलाची गावाने नोंद करावी आणि एकही बुजवू देऊ नये, मग ते आपल्या सख्ख्या भावाचे का असेना. शौचकूप विहिरीपासून दूर आणि बंदिस्त असावा. विहिरीच्या पाण्याची वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, तपासणी व्हावी आणि तिचा निकाल चव्हाट्यावर लावावा. कारखान्याला परवाना देतानाच संभाव्य सफाईची रक्कम अनामत म्हणून घ्यावी. बिछडीने एवढे तरी शिकवायला हवे.

इंजिनिअर आमच्या चुका निस्तरायला येतील, यात संशय नाही. पण ते येतील तेव्हा आमची नातवंडे म्हातारी झालेली असतील. गाळ काढणे आमच्या पूर्वजांना जमले, कारण गाळ विहिरीत होता. तो विहिरीबाहेर, जमिनीच्या पोटात आम्ही उतरविला, तर तो काढायला कोणाचाही पोहरा पुरणार नाही.