लहान धक्के मोठा भूकंप टाळत नाहीत

कोयना खोऱ्यात जमीन हलली, की पाटणपासून चिपळूणपर्यंत एक बोलणे हमखास ऐकू येते : ‘बरे झाले, आतला जोर थोडा निघून गेला. आता मोठा भूकंप टळला.’ शिकलीसवरली माणसेही हे बोलतात. त्याने जिवाला धीर येतो, आणि नेमका तोच धीर घातक आहे.

साधा हिशेब करू. रिश्टरचा एक अंक वाढला, की बाहेर पडणारी ऊर्जा सुमारे ३२ पट होते. म्हणजे ६ रिश्टरच्या एका भूकंपाएवढी ऊर्जा निघून जायला ३ रिश्टरचे जवळजवळ ३२ हजार धक्के बसावे लागतील. कोयनेचा इतिहास तर याहून कठोर आहे. कोयना धरणाचा जलाशय भरू लागल्यापासून, १९६२ पासूनच, तिथे लहान धक्के बसत होते. १३ सप्टेंबर १९६७ रोजी ५ रिश्टरहून मोठा धक्का बसला. जोर निघून जायचाच असता, तर तेव्हा गेला असता. तीनच महिन्यांनी, ११ डिसेंबरच्या पहाटे, ६.३ रिश्टरच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले. सुमारे २०० माणसे गेली.

लहान धक्क्यांचे मोल वेगळेच आहे. भूकंपमापकावर आधी वेगवान प्राथमिक लहर पोहोचते, मागून दुय्यम. दोहोंमध्ये एका सेकंदाचा फरक पडला, तर धक्क्याचे ठिकाण साधारण आठ किलोमीटरवर असते. अनेक केंद्रांवरच्या नोंदी जुळवल्या, की जागा आणि खोली दोन्ही कळतात. असे हजारो बिंदू नकाशावर मांडले, तेव्हा जमिनीच्या पोटातली भेग दिसू लागली : कोयना-वारणा परिसरातले बहुतेक धक्के सुमारे २० बाय ३० किलोमीटरच्या पट्ट्यात आणि दहा किलोमीटर खोलीच्या आतच होतात. तलावाच्या पातळीशी ताडून पाहिल्यावर आणखी एक गोष्ट समजली. पावसाळ्यात पाणी चढते, आणि त्यानंतर काही काळाने धक्के वाढतात. नुसत्या वजनाचा परिणाम इतका रेंगाळला नसता. पाणी फटींतून खोल मुरते, तिथला दाब वाढवते आणि आधीच ताणलेली भेग सरकायला निमित्त मिळते. ताण धरणाने निर्माण केलेला नाही. पण धरणाचा काही संबंधच नाही, हेही खोटे. हेच प्रत्यक्ष तपासण्यासाठी याच परिसरातल्या गोठणे येथे सव्वा किलोमीटर काळा पाषाण भेदून तीन किलोमीटर खोल छिद्र घेतले गेले.

‘एवढे करून तारीख सांगता येते का?’ असा टोमणा ऐकू येतो. नाही, जगात कुणालाच येत नाही. पण भेग कुठे आहे आणि तिच्या हादऱ्याला इमारत किती भक्कम हवी, हे सांगता येते. जीव वाचतात ते या उत्तराने.

म्हणून पुढच्या धक्क्यानंतर जोर किती उरला याची चर्चा करत बसू नका. गावातल्या शाळेच्या दारा-खिडक्यांवरून काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला आहे का, ते ग्रामसभेत विचारा.